आठवड्याचा अभ्यास: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न (इयत्ता पहिली ते चौथी)

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दर शुक्रवारी लेकरांच्या हातात अभ्यासाचं एक पान जातं आणि पुढच्या गुरुवारी वही माझ्या टेबलावर येते. मधल्या सहा दिवसांत पालकांचे प्रश्न येत राहतात: पालकसभेत, एसटीच्या थांब्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वरण वाढता वाढता. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. पत्ता बीडचा असला तरी अडचणी बहुतेक घरांतल्या असाव्यात.

रोज गृहपाठ का देत नाही? आमच्या वेळी तर रोज असायचा.

असायचा, आणि सकाळी शाळेच्या ओट्यावर बसून एकमेकांचा उतरवलाही जायचा. मीही उतरवलाय.

केंद्र सरकारनं २०२० साली शाळेच्या दप्तराचं धोरण काढलं. दप्तराचं वजन लेकराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा त्यातला भाग बहुतेकांनी ऐकलाय. गृहपाठाबद्दलही त्यात स्पष्ट लिहिलंय: पहिली-दुसरीला गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दोन तासांना सहा दिवसांनी भागलं की रोजची वीस मिनिटं येतात.

आठवड्याची मुदत देण्यामागं माझं आणखी एक कारण आहे. आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो, त्या दिवशी कुणाच्याच घरी वही उघडत नाही. कापूस वेचायला माणूस कमी पडलं की दोन दिवस सगळं घर रानात असतं. रोजचा अभ्यास असला तर अशा दिवशी लेकरू खोटं बोलायला शिकतं. आठवडा हाताशी असला की आजचं उद्यावर टाकता येतं. पान शुक्रवारी देते, कारण समजलं नसेल तर शनिवारी सकाळच्या शाळेत विचारता येतं.

पहिली-दुसरीला काहीच नाही म्हणजे कसं? लेकरू मागे पडेल की.

लिहायचं काही नाही. बाकी पुष्कळ आहे. रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं लेकरानं मोठ्यानं वाचावं, नाहीतर तुम्ही गोष्ट सांगावी. ताटं मांडताना किती माणसं आणि किती ताटं ते त्यालाच मोजू द्या. कोंबड्या डालायच्या असतील तर त्या मोजून डालायला सांगा. सहा वर्षांच्या लेकराची बोटं अजून पुरती तयार नसतात, त्याला दोन पानं ‘क’ काढायला लावला की अक्षर सुधारत नाही, पेन्सिलीचं भय तेवढं बसतं.

तिसरीच्या पानावर नेमकं काय असतं?

एक वाचायचं, थोडं लिहायचं, तीन-चार गणितं आणि घरच्यांना विचारायचा एक प्रश्न. एवढंच असतं.

शेवटचा प्रश्न मी कधी चुकवत नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं, त्यात आपलाच जिल्हा असतो, त्यामुळे विचारायला विषय भरपूर. मागच्या श्रावणात प्रश्न होता: ‘तुमच्या लहानपणी गावात प्यायचं पाणी कुठून यायचं?’ एका वहीत उत्तर आलं: ‘आजी म्हणली आड होता. खूप खोल होता. आता बुजवला. त्याच्यावर टावर हे.’ चार वाक्यं, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका दोन. मी बरोबरची खूण केली आणि ती वही वर्गात वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सात जण तो टॉवर बघून आले.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी काय मदत करणार?

हा प्रश्न आया विचारतात, तोही हळू आवाजात, बाकीच्या उठून गेल्यावर. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

भाकरी थापत असाल तर लेकराला चुलीजवळ, धूर लागणार नाही असं बसवा आणि वाचायला सांगा. तुम्हाला अक्षर कळत नसलं तरी वाचणं अडलेलं कळतं. अडलं की लगेच रागावू नका. ‘परत पहिल्यापासून वाच’ म्हणा. ओळ पुन्हा वाचताना निम्म्या वेळा ते आपलं आपण सुटतं. धडा संपला की ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. गोष्ट सांगता आली तर वाचलेलं डोक्यात गेलं. नुसते शब्द तोंडातून जात असतील तर ते तिथंच उघडं पडतं.

आता लबाडी कशी पकडायची ते सांगते. बरीच लेकरं धडा वर्गात ऐकून ऐकून पाठ करतात आणि चित्र बघून घडाघडा म्हणतात. घरी वाटतं, काय सुंदर वाचतंय! चित्रावर हात ठेवा आणि पानाच्या अगदी खालची ओळ वाचायला लावा. नाहीतर पुस्तकाबाहेरचं काही हातात द्या: खताची गोणी, बियाण्याची पुडी, घरात आलेली लग्नपत्रिका, एसटीची पाटी. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय, यावर एकदा आमच्या वर्गात अर्धा तास चर्चा झाली होती.

पाटीवर किंवा वहीत काही लिहायची तुम्हाला गरज नाही. जे जमलं नाही त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढा. तो गोल मला पुरतो.

आम्ही शिकवलेली वजाबाकी तुम्ही चूक का देता?

मी तुमची पद्धत चूक देत नाही. पण हे नीट समजून घ्या, कारण गृहपाठावरून सगळ्यात जास्त भांडणं याच्यावर होतात.

५२ मधून २७ वजा करायचे आहेत. तुम्ही, मी, आपण सगळे शाळेत असं शिकलो: दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक खाली दिला, दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन. उत्तर पंचवीस.

आता वर्गात असं शिकवतात: ५२ म्हणजे दशकाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडला. राहिले चार गठ्ठे, आणि काड्या झाल्या बारा. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेले, दोन. उत्तर पंचवीसच.

दोन्ही वाटा बरोबर आहेत. जुन्या पद्धतीत वरच्या आणि खालच्या, दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले जातात. वरच्यात दहा सुटे, खालच्यात एक दशक. बापलेकाच्या वयातलं अंतर दहा वर्षांनी मोजलं तरी तेवढंच राहतं, तसंच हे. नव्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत, वरचीच संख्या मोडून मांडतात.

गोंधळ होतो तो दोन्ही एकदम केल्यावर. सकाळी बाईंनी सांगितलं म्हणून पाचाचे चार केले, संध्याकाळी बाबांनी सांगितलं म्हणून खाली दोनाचे तीन केले. चारातून तीन गेले, एक. उत्तर पंधरा. वहीत मला ‘१५’ दिसलं की कळतं, काल घरी कुणीतरी मनापासून शिकवलंय.

तेव्हा एवढं करा: तिसरी संपेपर्यंत हातचा खाली देऊ नका. पैसे काढा. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी. ‘मला सत्तावीस रुपये दे’ म्हणा. लेकरू दोन नोटा देईल, मग अडेल, मग म्हणेल, ‘नोट मोडावी लागंल.’ तेच आम्ही वर्गात शिकवतो. चौथीत गेल्यावर आजोबांची रीत खुशाल शिकवा, त्याला दोन्ही रिती आवडतील.

पोरगं ‘पंचवीस’ म्हणतं आणि ५२ लिहितं. डोक्यात काही दोष आहे का?

दोष नाही. मराठीत आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लेकरू ऐकतं त्या क्रमानं लिहितं. भर म्हणून आपल्या संख्यांची नावं एकमेकांत गुंतलेली: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. सगळीकडे ‘दोन’ आहे आणि कुठंच तो ‘दोन’ म्हणून दिसत नाही.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. भाषा बुडणार म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांच्या लेकराला ‘एकोणसाठ’ लिहायला बसवलं होतं, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता. मला विचाराल तर पायरी म्हणून ‘पन्नास नऊ’ उत्तम आहे, ‘एकोणसाठ’ त्यावरून चढून यायला सोपं जातं.

घरी ‘एकोण’चं गुपित सांगा. एकोण म्हणजे एक कमी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असे एकोणनव्वदपर्यंत आठ आकडे एका झटक्यात सुटतात. ९९ मात्र वेगळा, तो नव्व्याण्णव. का वेगळा, असं लेकरू विचारणारच. ‘तो हट्टी आहे’ म्हणा, मी तेच सांगते.

पाढे कुठपर्यंत पाठ हवेत?

चौथी संपेपर्यंत दहापर्यंतचे पक्के असले तर मी खूश. तीसपर्यंत म्हणणारी लेकरं पाहुण्यांपुढं छान दिसतात, पण ‘सात आठे किती’ विचारल्यावर त्यांतली निम्मी ‘सात एके सात’पासून जिना चढत येतात. म्हणून मधूनच विचारा, उलटं विचारा: ‘छप्पन्न कोणत्या पाढ्यात येतात?’

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी येत असेल. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. परीक्षेत हे येत नाही, पण बाजारात येतं. चौथीतल्या पोरांना ‘सव्वाशे’ आणि ‘पावणेदोनशे’ म्हणजे किती, ते पटकन सांगता येत नाही, आणि भाजीवाली तर त्याच भाषेत बोलते. मंगळवारी पिशवी धरायला लेकराला बरोबर न्या. ऐंशी रुपये किलोचं अडीच पाव कितीला, हे गणित त्यानं करावं. चुकलं तर भाजीवालीच दुरुस्त करते.

चुका आम्ही दुरुस्त करून पाठवाव्यात का?

नको. हात जोडून सांगते, नको.

एक वही माझ्याकडे वर्षभर स्वच्छ यायची. खाडाखोड नाही, एक वेलांटी चुकलेली नाही. वर्गात तेच लेकरू तीन अंकी बेरजेला अडायचं. घरी वडील शेजारी बसून खोडरबरानं प्रत्येक चूक पुसायला लावायचे. बापाचा जीव मोठा, पण मला त्या वहीतून काहीच कळायचं नाही आणि मी जे शिकवायला हवं होतं ते दिवाळीपर्यंत शिकवलंच नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात नियम आहे: खोडरबर शाळेत ठेवायचं. चुकलं की एक आडवी रेघ, शेजारी नवं उत्तर. मला दोन्ही वाचायचं असतं.

तुम्हाला चूक दिसली आणि राहवलंच नाही, तर ‘तिसरं गणित परत बघ बरं’ एवढं म्हणा. तरी चुकलं तर चुकीचंच येऊ द्या. समासात लिहा: ‘बाई, हे जमलं नाही.’ मला मिळणाऱ्या चिठ्ठ्यांत ही सगळ्यात कामाची.

आमच्या घरी ‘पानी’, ‘आमी’ असंच बोलतात. त्यानं शुद्धलेखन बिघडतं का?

बोलणं बिघडलेलं नाही, ती घरची भाषा आहे. माझीही तीच आहे, शिक्षकांच्या खोलीत ‘ण’ काढते आणि घरी गेल्यावर विसरते. लेकरू ‘पानी’ म्हणालं म्हणून त्याला टोकू नका, ते बोलायचंच बंद होईल. बोलताना घरचं, लिहिताना पुस्तकातलं, एवढा फरक त्याला तिसरीत कळतो. बंजारा तांड्यावरची लेकरं घरी त्यांची गोरमाटी आणि शाळेत मराठी बोलतात. दोन भाषा सांभाळणाऱ्याला दोन ‘न’ काय जड.

लिहिण्यासाठी एकच नियम घरी घ्या: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो बहुतेक दीर्घ. पाणी, गाडी, लाडू, वाळू. ‘आणि’सारखे थोडे शब्द वेगळे. एवढ्यानं वहीतल्या बऱ्याच लाल खुणा कमी होतात.

दहा वेळा लिहून घेतलं तर अक्षर सुधारेल ना?

पहिल्या तीन ओळी चांगल्या येतात, दहावी सगळ्यात वाईट. तीनच लिहून घ्या आणि त्यातली चांगली कोणती ते त्यालाच निवडू द्या.

आम्ही ऊसतोडीला जातो. लेकरू आजीकडे असतं. त्याचं काय?

दिवाळी झाली की आमच्या वर्गात बाकं रिकामी दिसू लागतात, ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या सोयीनं गावातच राहतात, काही आजी-आजोबांजवळ, काही आईबापांबरोबर कारखान्याच्या रानात.

आजीजवळ राहणाऱ्यांसाठी मी पान हलकं करते. आजीला वाचता येत नसतं, डोळ्यानं कमी दिसतं, आणि नातवाला ओरडायचं तिच्या जिवावर येतं. पण फोन आहे. एका चौथीतल्या पोरीनं हे सुरू केलं आणि मी ते सगळ्यांना सांगितलं: आठवड्यातून एकदा, रात्री आई कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, आली की फोन लावायचा आणि धडा वाचून दाखवायचा. नुसतं ‘जेवलीस का, बरी हैस का’ संपलं की दोन्हीकडं बोलायला काही नसतं, धडा असला की बोलणं लांबतं. त्या पोरीची आई पुढं पुढं विचारायची, ‘त्या गोष्टीतल्या म्हातारीचं काय झालं?’ पोरगी पुढचा धडा आधीच वाचून ठेवायला लागली.

बरोबर नेणार असाल तर पुस्तकं न्या, वही न्या, आणि तिथल्या जवळच्या शाळेत घाला. दाखला हातात नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष अर्ध्यावर आलं म्हणूनही नाही. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, त्यात हे लिहिलंय. जायच्या आधी मला भेटा, मी चार ओळी लिहून देते, लेकराला काय येतं आणि काय राहिलंय ते.

अभ्यासाची वेळ कोणती ठेवावी?

शाळेतून आल्या आल्या नको. आधी खाऊ द्या, खेळू द्या. दिवेलागणीनंतर, टीव्हीवरच्या मालिका सुरू व्हायच्या आत वीस मिनिटं. जागा कुठलीही चालते, पायरी, ओटा, माळवद, फक्त टीव्ही बंद. वेगळी खोली, टेबल-खुर्ची हे ऐपतीवर आहे, त्यावर काही अडत नाही. नऊनंतर मात्र पेंगत्या लेकराच्या हातात पेन्सिल देऊ नका.

मोबाईलवर बघून उत्तरं लिहिली तर चालेल का?

बालभारतीच्या पुस्तकांत जे चौकोनी ठिपक्यांचे कोड छापलेले आहेत, ते दीक्षा ॲपवर उघडतात, धड्याचे व्हिडिओ आणि सराव मिळतो. ते जरूर दाखवा, शेजारी बसून. कविता चालीत ऐकायला तर फार चांगलं.

उत्तरं शोधून उतरवणं वेगळं. चौथीला ‘माझी शेळी’ यावर पाच वाक्यं लिहायला दिली होती. तीन वह्यांत एकच मजकूर: ‘शेळी हा एक बहुउपयोगी पाळीव प्राणी आहे. तिला गरिबाची गाय म्हणतात.’ चौथ्या वहीत होतं: ‘आमची शेळी लंगडी आहे. ती माझं दप्तर हुंगती. तिला बाभळीच्या शेंगा आवडत्यात. तिला विकणार आहेत. मी तिकडं जाणार नाही.’ आता सांगा, मी कुणाला काय शिकवायचं? हल्ली फोनला विचारलं की तो अख्खा निबंध लिहून देतो, तोही अगदी शुद्ध. तुमच्या घरची शेळी लंगडी आहे हे त्याला ठाऊक नसतं.

प्रकल्पाचं सामान आणायला तालुक्याला जावं लागतं.

कोण म्हणतं? दुकानातले तयार चित्रांचे तक्ते मला नकोत, थर्माकोलचा किल्ला तर मुळीच नको. पाच प्रकारची पानं, तीन प्रकारची माती, घरातल्या धान्याचे नमुने, एवढंच मी मागते. किल्ला करायचाच असेल तर दिवाळीत अंगणात चिखलाचा करा, मी बघायला येते.

सेमी-इंग्रजी आहे. गणित इंग्रजीत, आम्हाला कळत नाही.

गणित तेच आहे, शब्द वेगळे. लेकराला म्हणा, ‘मला मराठीत सांग काय विचारलंय.’ सांगता आलं तर निम्मं काम झालं. नाही सांगता आलं तर गोल काढा, मी बघते.

मोठी बहीण अभ्यास घेते, चालेल ना?

चालेल, पण दोन गोष्टी. एक, अक्षर मला ओळखू येतं. भावाच्या वहीत सहावीतल्या ताईचं वळणदार ‘ळ’ आलं की आम्ही दोघी शाळेच्या व्हरांड्यात एकमेकींकडं बघून हसतो. दुसरी जरा कडू आहे. तिचा स्वतःचा अभ्यास कधी होतो? भांडी तिच्याकडं, पाणी तिच्याकडं, आणि वर भावाचा अभ्यासही तिच्याकडं. त्या वीस मिनिटांत भावाला वाचू द्या नि तिलाही शेजारी स्वतःचं पुस्तक उघडू द्या. भांडी पडून राहिली तर राहू द्या.

क्लास लावावा का?

तिसरीच्या लेकराला? माझं मत, नाही. पहिली ते चौथीला घरचं ऐकणारं माणूस पुरतं. आणि ‘बाई, तुम्हीच घ्या की घरी’ असं जे म्हणतात त्यांना: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी वर्गातच असते, त्याचे पैसे नाहीत.

अभ्यास केला नाही तर शिक्षा होते का? मार्क जातात का?

मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला त्याच कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. तुमच्या वेळची छडी विसरा. ‘बाई, दोन द्या की ह्याला’ असं सांगायला येणारे पालक अजूनही आहेत, त्यांना मी चहा देते.

गृहपाठाला वेगळी गुणपत्रिका नसते. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी यांच्या बरोबरीनं स्वाध्यायही धरला जातो. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित (सत्राअखेरच्या पेपराचे) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४० असा वाटा असतो. म्हणजे वर्षभर जे दिसतं त्याला शेवटच्या पेपरापेक्षा जास्त वजन आहे. एक गुरुवार चुकला तर काही बिघडत नाही. लागोपाठ तीन चुकले तर मी घरी येते, आणि तेव्हा बहुतेक वेळा कारण अभ्यासाचं नसतंच.

सुट्टीत अभ्यास देता का?

दिवाळीत नाही. उन्हाळ्यात एकच: शाळेच्या वाचनपेटीतली दोन पुस्तकं न्यायची आणि जूनमध्ये परत आणायची. फाटकी आली तरी चालतील. कोरी करकरीत परत आली की मला वाईट वाटतं.

लेकरू वहीला बसलं की रडतं. धाक कमी पडतोय का?

धाक वाढवायच्या आधी तीन गोष्टी बघा. पान अवघड आहे का? मग ते अर्धंच करा आणि मला कळवा. झोप कमी आहे का? आणि तिसरी, दिसतंय का नीट?

फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवणारा एक पोरगा होता. ‘घर’चं ‘धर’, ६ चा ८. घरी मार खायचा, वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खायचा. त्यातली काही माझी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या तपासणीत कळलं, त्याला लांबचं दिसतच नव्हतं. चष्मा आला त्या दिवशी त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, ‘बाई, लिंबाला पानं हैत की येगयेगळी!’ तेव्हा लेकरू पुस्तक नाकाला लावत असेल, हाक मारल्यावर दुसऱ्या हाकेला बघत असेल, किंवा तिसरी संपत आली तरी जोडाक्षरापाशी रोज तसंच अडत असेल, तर वाट बघू नका. तपासणीच्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. बाजार असला तरी.

गुरुवारी वही आणायची विसरली तर?

शुक्रवारी आणा. शनिवारीही चालते, पण तेव्हा माझ्याकडे पुढच्या पानाचे प्रश्न सुरू झालेले असतात, थोडं थांबावं लागेल.